बाईंच्या नावावर किती सामने?

“आजी, तुमच्या कोचचा रेकॉर्ड काय होता गं?”

पुतणीची मुलगी अकरावीत आहे. नगरच्या सावेडीत राहते, बास्केटबॉल खेळते आणि जेवतानाही मोबाइल खाली ठेवत नाही. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला १९७४ ते २०१२ अशी तब्बल ३८ वर्षं शिकवणाऱ्या पॅट समिट यांच्याबद्दल ती काहीतरी वाचत होती. जिंकलेले सामने १०९८, हरलेले २०८, राष्ट्रीय विजेतेपदं आठ. दुकानदाराच्या रोजमेळासारखा चोख हिशेब.

मी म्हटलं, “आमच्याकडे कोच नव्हता. बाई होत्या.”

ती हसली. मी काही विनोद केला नव्हता. हेड कोच नावाची जागा आमच्या कॉलेजात नव्हतीच, आणि नगर जिल्ह्यातल्या कॉलेजांत ती आजही सापडायची नाही. जागा असते शारीरिक शिक्षण संचालकाची, तीही कॉलेजाला एक. त्या एका माणसानं कबड्डी, खो-खो, कुस्ती, क्रॉस कंट्रीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघायचं. मुलांचं बघायचं, मुलींचंही बघायचं. वर जिमखाना फीचा हिशेब, विद्यापीठाचे एलिजिबिलिटी फॉर्म आणि पंधरा ऑगस्टचा मांडव. आमच्या कॉलेजात ती जागा एका सरांकडे होती. बाई १९७६ मध्ये लागल्या त्या ज्युनियर कॉलेजात. दहावीनंतर अकरावी-बारावी हा नवा आकृतिबंध नुकताच सुरू झाला होता, त्यात शारीरिक शिक्षणाचे तास आले आणि ते घ्यायला बाई आल्या. सीनियरच्या मुलींचा बास्केटबॉल संघ हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. ते त्यांनी घेतलं. त्याचा पगार नव्हता, आदेश नव्हता, नोंदही नव्हती. प्रवेशिकेवर सही सरांची आणि ट्रॉफीसोबतच्या फोटोत मधल्या खुर्चीवर प्राचार्य. बाई उजव्या कडेला उभ्या, पदर खोचलेला, अर्धा चेहरा आमच्या उंच सेंटरच्या खांद्यामागं. त्या फोटोवरून कोणी बाईंची कारकीर्द लिहायला बसलं तर शीर्षकच सुचायचं नाही.

सगळ्या मुली त्यांना समोर ‘मॅडम’ म्हणायच्या. पाठीमागं ‘बाई’. मला पाठीमागचंच नाव खरं वाटतं.

मी १९८१ ते ८४ त्यांच्या हाताखाली खेळले. तेव्हाचं नगर सकाळी लवकर उठायचं. भिंगारकडून लष्कराच्या जवानांच्या तुकड्या पळत यायच्या, त्यांच्या बुटांचा आवाज आधी ऐकू यायचा आणि माणसं नंतर दिसायची. त्याच सुमाराला जिमखान्याचे शिपाई, आमचे मामा, मैदानात फक्की मारत असायचे. कोर्ट मुरमाचं. रोज झाडायचं, आठवड्याला रोलर फिरवायचा, वर पाणी मारायचं. पाण्याचं गणित मात्र नगरचं. मे महिन्यात घरात प्यायला एक दिवसाआड पाणी, तिथं कोर्टवर कोण मारणार? बाईंनी हातपाय धुवायच्या हौदाचं सांडपाणी बादल्यांनी आणायला लावलं. सरावाच्या आधी प्रत्येकीच्या दोन बादल्या. “वॉर्म-अप झाला का?” असं त्या विचारायच्या, तो बादल्यांबद्दलचा प्रश्न असायचा.

बोर्ड लाकडी फळ्यांचा, मधल्या दोन फळ्या ढिल्या. चेंडू तिथं आदळला की मेल्यासारखा खाली पडायचा. बाईंनी चांगल्या फळीवर खडूनं एक चौकोन काढून ठेवला होता, पावसात पुसला की पुन्हा काढायच्या. रिंगला जाळी नव्हती. चेंडू आतून गेला की बाहेरून, यावर भांडणं व्हायची आणि शेवटी मामांचा निकाल मान्य करावा लागायचा. पायात बाटाचे पांढरे कॅनव्हास, शनिवारी धुऊन खडू लावलेले. चेंडू मात्र मुलांचाच, सात नंबरचा. बायकांसाठी थोडा लहान, सहा नंबरचा चेंडू जगभर लागू झाला तो २००४ मध्ये. आमच्या हातात मावत नसलेला चेंडू आम्ही खेळलो आणि ‘मुलींची पकड कच्ची असते’ हे वर ऐकून घेतलं.

या कोर्टचा आमच्या खेळावर फार परिणाम झाला. मुरमावर ड्रिबल करायचं म्हणजे नशिबाचा खेळ. खडा लागला की चेंडू गुडघ्याकडं यायचा नाहीतर थेट शेजारणीकडं जायचा. म्हणून बाईंनी ड्रिबलिंग जवळजवळ बंदच करून टाकलं. “जमिनीवर भरवसा ठेवू नका पोरींनो, एकमेकींवर ठेवा.” आता हे वाक्य फळ्यावर लिहिण्यासारखं वाटतं, पण त्यांना त्यात काही थोर सांगायचं नव्हतं. त्यांना फक्त खड्यांची चीड होती. आमचा संघ सगळा पासवर चालायचा. पुण्याच्या सिमेंटच्या कोर्टवर गेलो की समोरच्या मुली पहिली दहा मिनिटं चक्रावून जायच्या. नंतर त्यांना कळायचं की या नगरच्या मुली चेंडू जमिनीला लावतच नाहीत, मग त्या मध्ये उभ्या राहून पास तोडायला लागायच्या. आमची दहा मिनिटं तेवढी राज्याची.

बाई अमरावतीहून शिकून आलेल्या. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची ती १९१४ पासूनची परंपरा, तिथं मल्लखांब, लेझीम, खो-खो, कबड्डी या सगळ्यातून माणूस तावून सुलाखून निघतो. बास्केटबॉल त्यांचा पहिला खेळ नव्हता. पहिला खो-खो. त्यामुळे त्यांनी आम्हाला अमेरिकन खेळ शिकवला तो मराठी पायांनी. डावीकडं हूल देऊन उजवीकडं निघायचं हे त्या खांबाला वळसा घालून दाखवायच्या. बचावात कंबर किती खाली हवी हे सांगताना “चढाई येतेय असं समज” म्हणायच्या. एकीला मागं ठेवून दोघींच्या मधून सुटायच्या चालीला आमच्यात ‘दुहेरी साखळी’ असंच नाव होतं. पुस्तकात तिला काय म्हणतात हे मला आजही माहीत नाही. इंग्रजी शब्द पंचांसाठी राखून ठेवलेले होते: फाऊल, ट्रॅव्हल, टाइम आऊट.

साडी त्यांनी कधी सोडली नाही. सहावारी, पदर खोचून, खाली आमच्यासारखेच कॅनव्हास. गळ्यात शिट्टी आणि मंगळसूत्र, दोन्ही काळ्या दोरीत, आणि पळताना दोन्हींचा गुंता व्हायचा. सामना चालू असताना एक हात तो गुंता सोडवतोय आणि दुसरा हात झोन सांगतोय, हे दृश्य माझ्या डोळ्यांत पक्कं बसलं आहे.

आमच्या कपड्यांचा प्रश्न मोठा होता. मुलींनी अर्धी चड्डी घालायची नाही, हे घरोघरी ठरलेलं. सलवारीत पाय अडकायचा. बाईंनी गावातल्या शिंप्याकडून गुडघ्याच्या खाली येणारी, मधून शिवलेली निळी स्कर्ट शिवून घेतली, म्हणजे उभं राहिलं की स्कर्ट आणि पळालं की विजार. कंपाउंडवर बसून बघणाऱ्या मुलांचा बंदोबस्त त्यांनी याहून सोपा केला. जो बसेल त्यानं सराव संपल्यावर रोलर ओढायचा. पंधरा दिवसांत कंपाउंड रिकामं झालं. दोघं-तिघं मात्र इमानानं रोलर ओढत राहिले. त्यातल्या एकाबद्दल मी इथं लिहीत नाही, तो घरात हे वाचणार आहे.

पुढं बऱ्याच वर्षांनी मला कळलं की आमच्या आधीच्या मुलींचं सगळीकडंच असं चालायचं. जेम्स नेस्मिथनं डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीए शाळेत फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ काढला. तिथून जवळच स्मिथ कॉलेज होतं, मुलींचं. तिथल्या सेंडा बेरेनसन या शिक्षिकेनं १८९२ मध्ये तो लगेच उचलला आणि पुढच्या वर्षी मुलींचा सामना लावला. पुरुषांना प्रवेश नाही. मुली दमतील म्हणून मैदानाचे तीन भाग, आपला भाग सोडून जायचं नाही. चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही. नियम करणारीही एक बाईच होती आणि मुलींना खेळायला मिळावं म्हणूनच तिनं समाजाला परवडतील इतपत बंधनं घातली होती. मला त्यात आमची निळी स्कर्ट दिसते.

अमेरिकेच्या त्याच भागातून, न्यू इंग्लंडातून, या खेळाच्या जन्माच्या कितीतरी आधी, सिंथिया फॅरार नावाची एक बाई नगरला आली होती. अमेरिकन मराठी मिशनची. नगरमध्ये तिनं मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये इथंच तिचा देह पडला. तिची शाळा बघून जोतिरावांना पुण्यात मुलींची शाळा काढायचं सुचलं, आणि शिक्षिका होण्याचे धडे सावित्रीबाईंनी घेतले ते नगरला फॅरारबाईंकडं. नगरच्या माणसाला हे सांगितलं की तो ‘हो का?’ म्हणतो आणि किल्ल्यात नेहरूंनी लिहिलेल्या पुस्तकाकडं वळतो. असो.

मुली गोळा करणं हे बाईंचं निम्मं काम. नगर हा क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. खेड्यातून एसटीनं येणाऱ्या मुलींना सकाळच्या सरावाला थांबवायचं म्हणजे घरी जाऊन बोलायला हवं. बाईंकडं लुना होती. कायनेटिकचा कारखाना नगरलाच, त्यामुळे लुना आमच्याकडं घरच्या पोरीसारखी. त्या लुनावरून बाई जेऊर, पारनेरच्या रस्त्यानं रविवारी गावं करायच्या. आमच्या सेंटरच्या वडिलांशी त्यांचं झालेलं बोलणं ती अजून नक्कल करून दाखवते.

“बाई, पोरगी उंच झाली म्हणून आधीच स्थळं माघारी जात्यात. अन् तुम्ही तिला आणखी उड्या मारायला लावता?”

“उंच तर ती आहेच, काका. उड्या मारल्या तर ती उंची कामाला तरी येईल.”

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये बायकांचा बास्केटबॉल पहिल्यांदा आला आणि सोव्हिएत संघानं सुवर्ण नेलं. त्यांची सेम्योनोव्हा जवळजवळ सात फुटी. तिचा वर्तमानपत्रातला फोटो बाईंनी कापून ठेवला होता आणि अशा घरी गेल्या की पिशवीतून काढून दाखवायच्या. काकांनी फोटो निरखून पाहिला म्हणे, आणि विचारलं, “हिचं झालं का लग्न?” पोरगी सरावाला आली पण.

(त्याच ऑलिंपिकमध्ये रौप्य मिळवणाऱ्या अमेरिकेच्या संघात पॅट समिट खेळत होत्या, हे बाईंना ठाऊक नव्हतं. आम्हाला तर कोणालाच.)

पुण्याला आंतरविभागीय स्पर्धेला जायचं म्हणजे पहाटेची एसटी, माळीवाड्याच्या स्टँडवरून. सुपा, शिरूर करत तीन-साडेतीन तास. डब्यात चपात्या, शेंगदाण्याची चटणी, आणि बाईंनी घासाघीस करून घेतलेली दोन डझन केळी. तेव्हा पुणे विद्यापीठात पुणे, नगर, नाशिकबरोबर धुळे आणि जळगावही होते. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये वेगळं झालं. त्यामुळे खानदेशातल्या मुलीही यायच्या, त्यांच्या डब्यातल्या ठेच्यापुढं आमची चटणी म्हणजे मुळमुळीत. मुक्काम कुठल्यातरी शाळेच्या वर्गात. बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरायच्या. बाई शेवटचं बाक दाराला आडवं लावून त्यावर झोपायच्या, म्हणजे दार उघडायचं तर आधी बाईंना उठवायला लागेल.

त्यांच्या किटबॅगेत आयोडेक्स, ग्लुकोज, सेफ्टी पिना आणि कापसाचा एक निळ्या कागदातला गठ्ठा असायचा. त्या गठ्ठ्याबद्दल कधी कोणी मोठ्यानं बोललं नाही. ज्या मुलीला हवा असेल तिनं ‘मॅडम, पीन’ म्हणायचं. पीन मागितली की बाई बॅगच हातात द्यायच्या आणि दुसरीकडं बघायच्या. माझ्या आईनंही मला इतक्या सहज काही दिलं नव्हतं.

माझी सगळ्यात पक्की आठवण मात्र १९८३ ची आहे. उपान्त्य सामना, समोर पुण्याचा एक संघ, सिमेंटचं कोर्ट. तेव्हा वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असायचे. तीन गुणांची रेषा नव्हती, ती आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ मध्ये आली. तीस सेकंदांत चेंडू टाकायचा नियम पुस्तकात होता, पण घड्याळ नव्हतं आणि आमच्या पातळीवरच्या सामन्यात ते मोजायला कोणी बसलेलंही नव्हतं. म्हणून पुढं असलेला संघ चेंडू आपसातच फिरवत राहायचा. बाई त्याला ‘चेंडू निजवणं’ म्हणायच्या. शेवटच्या मिनिटात पुण्याच्या मुली चेंडू निजवत होत्या, आमच्या सेंटरनं तो झोपेतून उठवला, मला पास दिला आणि रिंगखाली मला धक्का बसला. फाऊल. दोन फ्री थ्रो. पहिला आत गेला. दुसरा रिंगच्या मागच्या कडेला लागून परत माझ्याच हातात आल्यासारखा आला आणि मध्येच कोणीतरी नेला. शिट्टी झाली. ४१-४०.

परतीच्या एसटीत शिरूरपर्यंत कोणी बोललं नाही. शिरूरला चहाला उतरलो. बाईंनी माझ्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, “उद्या साडेपाच.”

“उद्या रविवार आहे, मॅडम.”

“रिंगला सांग.”

रविवारी पहाटे मी गेले. मामाही होते, फक्की मारत. बाईंनी माझ्याकडून किती फ्री थ्रो मारून घेतले ते मोजलं नाही, पण दुपारी ताट धरताना हात थरथरत होता.

आता पुतणीच्या मुलीचा सराव बघायला मी जाते. कोर्ट गुळगुळीत, रंगीत. बोर्ड काचेसारखा, रिंग लवचीक, जाळी पांढरी शुभ्र. पोरींच्या पायात घोट्याला आधार देणारे बूट, मनगटावर पट्ट्या. आया स्कूटीवरून आणून सोडतात. अर्ध्या चड्डीकडं कोणी बघत नाही. कंपाउंडवर कोणी बसलेलंच नसतं, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये. चोवीस सेकंदांचं घड्याळ, दहा-दहा मिनिटांचे चार डाव, हे दोन्ही २००० पासूनचं. आणि लांबून टाकायची चटक. तीन गुणांची रेषा २०१० मध्ये आणखी मागं, पावणेसात मीटरवर गेली, तरी या पोरी तिथून बिनधास्त टाकतात. आम्ही तिथून चेंडू फेकला असता तर बाईंनी घरी पाठवलं असतं.

मला त्यांचा हेवा वाटतो, हे लपवत नाही. विशेषतः गुडघ्यांचा. माझा उजवा गुडघा १९८४ मध्ये वळला, तेव्हा सगळ्यांनी मिळून ‘तेल लाव’ सांगितलं. मी तेल लावलं. आज जिना उतरताना तो गुडघा मला जिमखान्याची आठवण करून देतो. या पोरींना कुठं दुखलं की एमआरआय, फिजिओ, सहा आठवडे विश्रांती. ‘आमच्या वेळी’ म्हणून छाती काढणाऱ्यांना मी नेहमी गुडघा दाखवते.

पण बारा जणींचा संघ त्यांचाही पुरा होत नाही. तेव्हा पोरी लग्नानं जायच्या, आता नीट आणि जेईईनं जातात. उरलेल्या बारावीनंतर पुण्याला. नगरचं हे जुनंच दुखणं. श्रीरामपूरचा झहीर खान असो की संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे, नाव व्हायचं तर गाव सोडूनच. बास्केटबॉलमध्ये तर पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जल्लोष झाला आणि मग एकीनं लिहिलं, ‘पुण्याचीच की.’ त्या ‘च’मध्ये चाळीस वर्षांची एसटी आहे.

या पोरींचे सर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे. चांगले आहेत, माझ्याहून आणि बहुधा बाईंहूनही जास्त त्यांना खेळ कळतो. तीन ठिकाणी शिकवतात, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर आहेत. जूनमध्ये पुन्हा बोलावतील का, हे त्यांना माहीत नसतं. बाहेरगावी मुलींचा संघ न्यायचा तर सोबत महिला लागते, मग मराठीच्या नाहीतर वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना गळ घालतात. त्या बिचाऱ्या परीक्षेचे पेपर घेऊन येतात आणि सामना चालू असताना तपासत बसतात. त्यांचा काही दोष नाही. पण ‘मॅडम, पीन’ म्हणावं अशी ती जागा रिकामी आहे. जिल्ह्याला आता अहिल्याबाईंचं नाव, विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं. आणि मुलींच्या संघाला बाई नाही.

अमेरिकेत तरी काय वेगळं झालं? १९७२ मध्ये तिथं कायदा आला की मुलींनाही मुलांइतकीच खेळाची संधी द्या. तेव्हा तिथल्या कॉलेजांतल्या मुलींच्या संघांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना बायका शिकवत होत्या, जवळजवळ फुकट. पॅट समिट बाविसाव्या वर्षी टेनेसीत लागल्या तेव्हा महिन्याला अडीचशे डॉलर मिळायचे. संघाची गाडी त्या स्वतः चालवायच्या, जर्सी स्वतः धुवायच्या, आणि एकदा तर मुलींना घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या जिममध्ये चटयांवर झोपल्या. आडवं बाक लावलं होतं का, ते कुठं लिहिलेलं नाही. पुढं पैसा आला, पगार आले, आणि त्या नोकऱ्यांसाठी पुरुषही आले. आज सगळे खेळ धरून तिथल्या मुलींच्या संघांत बायका प्रशिक्षक निम्म्याहून कमी. बास्केटबॉलनं त्यातल्या त्यात लाज राखली. साऊथ कॅरोलिनाच्या डॉन स्टेली यांना २०२५ च्या करारानं वर्षाला सुमारे चाळीस लाख डॉलर मिळाले. आमच्याकडं पैसा न येताच बायका गेल्या, हे आमचं वैशिष्ट्य.

पोरीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून गेल्या महिन्यात बाईंकडं गेले. चौतीस वर्षं नोकरी करून २०१० मध्ये निवृत्त झाल्या, आता त्र्याहत्तरच्या आहेत. त्यांच्याकडं एक वही होती, लाल कापडी पाठीची, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली. प्रत्येक सामन्यानंतर एसटीत बसून त्या तीत काहीतरी लिहायच्या, ते आम्ही बघितलं होतं. ती वही मला हवी होती. जिंकले किती, हरले किती, आकडा काढायचा आणि पोरीच्या तोंडावर फेकायचा.

वही होती. कपाटात, खालच्या कप्प्यात, वाळवीच्या भीतीनं डांबरगोळ्यांत. उघडली तर निम्मी वही हिशेबाची: केळी ६ रुपये, बर्फ १ रुपया, तिकिटं, ‘प्राचार्यांकडून येणे’ आणि त्यापुढं बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. मधून मधून सामने. मी पानं उलटत गेले, मोजत गेले. सगळे जिंकलेले. मी पुन्हा मागं गेले. शिलाईपाशी फाटलेल्या पानांच्या कडा दिसायला लागल्या.

“हरलेली फाडली मी,” बाई आतून चहा आणता आणता म्हणाल्या. “निवृत्त झाले त्या दिवशी. बंबात घातली. त्या दिवशी पाणी चांगलं तापलं.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. सगळं आयुष्य ‘हार पचवायला शिका’ म्हणून आम्हाला कोर्टला दहा-दहा फेऱ्या मारायला लावणारी ही बाई.

“आणि ८३ चं?”

“तेही. आपण दोन गुणांनी हरलो तो ना?”

“एका गुणानं. ४१-४०. माझा फ्री थ्रो हुकला.”

“छे गं. ४२-४० होतं. तुझा तो आत गेला असता तरी आपण हरलोच असतो.” आणि त्यांनी बिस्किटांची बशी पुढं केली. “घे. इतकी वर्षं हेच धरून बसली होतीस?”

माझी आठवण चुकीची असेल का? एकेचाळीस-चाळीस हे आकडे मी चाळीस वर्षं रोज बघितल्यासारखे मला दिसतात. सेंटरला फोन केला, तिला आठवत नाही. तिला फक्त पास आठवतो. बाई खोटं बोलत नाहीत. पण त्या ‘मॅडम, पीन’ ऐकून दुसरीकडं बघणाऱ्याही आहेत. त्या दिवशी बिस्किटाची बशी पुढं करताना त्या दुसरीकडं बघत होत्या का, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पोरीला मी सांगितलं, “आमच्या बाई एकही सामना हरल्या नाहीत. लेखी आहे.”

आता एक विनंती. पुण्याच्या त्या संघात १९८३ मध्ये खेळलेलं कोणी हे वाचत असेल, आणि नगरविरुद्धच्या त्या उपान्त्य सामन्याची स्कोअरशीट तुमच्या एखाद्या जुन्या कपाटात उरली असेल, तर कृपा करून या मासिकाच्या पत्त्यावर तिची झेरॉक्स पाठवा. पोस्टाचा खर्च मी देईन.